हॅमॉकमध्ये रात्रभर झोपल्यावर कंबर आणि गुडघे दुखतात. चूक बांधण्यात आहे की झोपण्यात?

गच्चीवरचा

सर्वांना नमस्कार. मी सोलापुरात, जुळे सोलापूर भागात राहतो. वय ४२, उंची १७४ सेंटिमीटर आणि वजन ८० किलो. उत्तर देणाऱ्यांना या गोष्टींची गरज पडेल, म्हणून त्या आधीच सांगून ठेवतो.

वर्षातून दोन-तीन वेळा मित्रांबरोबर सह्याद्रीत मुक्कामी भटकंती होते. खडकाळ जमिनीवर पातळ मॅट टाकून कूस बदलत बसण्याचा कंटाळा आला, म्हणून गेल्या दिवाळीत मी एक हॅमॉक, म्हणजे दोन टोकांना बांधून टांगायची कापडी झोळी, विकत घेतला. मनात दुसराही एक हिशेब होता. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दिवसा पारा चाळिशी ओलांडतो आणि गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. बादल्यांनी पाणी मारून वर गादी टाकली, तरी थोड्याच वेळात पाठीला खालून ऊब लागू लागते. अंगाखालून वारा खेळेल अशी सोय झाली तर उन्हाळा सुसह्य होईल, असे वाटले. उन्हाळा लागण्याआधी सवय व्हावी, म्हणून गेले तीन आठवडे मी गच्चीवर हॅमॉकमध्ये झोपण्याचा प्रयत्न करीत आहे.

हॅमॉक नायलॉनचा असून तो २६० सेंटिमीटर लांब आणि १४० सेंटिमीटर रुंद आहे. एक टोक पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्याच्या कॉलमला आणि दुसरे समोरच्या कठड्यातील विटांच्या खांबाला बांधतो. दोन्हींमधले अंतर सुमारे ४ मीटर आहे. 'जितका ताणून बांधाल तितका सपाट राहील' असे विकणाऱ्याने सांगितले होते. त्यामुळे दोरी कंबरेच्या उंचीवर बांधून, मुलाला एका टोकाशी उभे करून, ती शक्य तितकी ओढून घेतो. रिकामा असताना हॅमॉक जवळजवळ आडव्या बांबूसारखा दिसतो. त्यात मी बरोबर मधोमध, डोके एका टोकाकडे आणि पाय दुसऱ्या टोकाकडे, असा सरळ झोपतो.

पहिला तास-दीड तास झोप उत्तम लागते. पहाटे तीनच्या सुमारास मात्र हमखास जाग येते. त्या वेळी कंबर आखडलेली असते, गुडघे मागच्या बाजूने ताणल्यासारखे दुखतात आणि दोन्ही खांद्यांना कोणीतरी गोणीत भरून तोंड शिवावे तसे वाटते. शेवटी उठून खाली घरात येऊन झोपतो. हॅमॉकमध्ये रात्रभर झोपणारे लोक आहेत हे मला ठाऊक आहे. मग माझ्याकडून नेमके काय चुकते आहे? की चाळिशीनंतरच्या कंबरेला हा प्रकार मानवतच नाही?


डोंगरवाट

विकणाऱ्याने आपल्याला नेमके उलटे सांगितले. हॅमॉक ताणून बांधल्याने सपाट होत नाही; सपाट होतो तो सैल बांधून त्यात तिरपे झोपल्याने. हे ऐकायला विचित्र वाटते आणि मलाही पहिले दीड वर्ष पटले नव्हते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दोन्ही टोकांना चुणी घालून बांधलेले कापड हा मुळात एक बाक, म्हणजे खाली झुकलेला वक्र, असतो. त्याच्या मध्यरेषेवर सरळ झोपले, की शरीर त्या बाकाचाच आकार घेते, म्हणजे केळ्यासारखे वाकते. ढुंगण सर्वांत खाली, पाय आणि डोके वर, अशी ती अवस्था होते आणि कंबर रात्रभर गोलाकार राहते. बाक कमी करण्यासाठी आपण दोरी ओढता तेव्हा बाक पूर्ण जात नाहीच. उलट कापडाच्या दोन्ही कडा ताठ होऊन वर येतात आणि खांद्यांना आत दाबतात. गोणीत भरल्याची भावना तिथूनच येते. शिवाय ताणलेला हॅमॉक उलटण्याची शक्यताही वाढते, कारण शरीराचा भार टोकांना जोडणाऱ्या रेषेच्या फारसा खाली राहत नाही.

आता उलट करून पाहा. दोरी आडव्या रेषेशी सुमारे ३० अंशांचा कोन करील इतका हॅमॉक सैल सोडा आणि हा कोन आपण आत झोपलेले असताना मोजून घ्या. त्यासाठी कोणतेही उपकरण विकत घेण्याची गरज नाही. मुलाच्या कंपासपेटीतला ३०-६० अंशांचा गुण्या दोरीजवळ धरला की काम होते. मग आत बसून पाठ टेका आणि डोके मध्यरेषेच्या एका बाजूला, तर पाय विरुद्ध बाजूला, प्रत्येकी वीत-सव्वा वीत सरकवा. शरीर तिरपे होताच ते बाकाला अनुसरत नाही, बाकावरून आडवे जाते आणि पाठ जवळजवळ सपाट होते. सैल असल्यामुळेच कापडात हा तिरपेपणा घेण्याइतकी जागा उरते. मेक्सिकोच्या युकातान भागात आणि ब्राझीलमध्ये ज्यांच्या घरी हॅमॉक हाच पलंग असतो, ते लोक असेच तिरपे झोपतात, कधी कधी तर जवळजवळ आडवे. बागेत शोभेसाठी टांगतात तो दोन्ही टोकांना लाकडी दांडी लावलेला प्रकार दुपारी वाचत पडण्यापुरता ठीक असतो. त्यात रात्र काढू नये, कारण कुशीवर वळताच तो पालथा होतो.

आणखी एक सोय अवश्य करा. हॅमॉकच्या दोन्ही टोकांना जोडणारी, न ताणणारी एक बारीक दोरी वरून बांधा. तिला रिजलाइन म्हणतात आणि तिची लांबी हॅमॉकच्या लांबीच्या सुमारे ८३ टक्के ठेवतात. आपल्या २६० सेंटिमीटरच्या हॅमॉकसाठी ती सुमारे २१६ सेंटिमीटर होईल. ही दोरी असली की झाडे जवळ असोत वा दूर, बाक दर वेळी तेवढाच राहतो आणि नव्या ठिकाणी नव्याने अंदाज बांधावा लागत नाही. आत झोपल्यावर ती ताठ असावी, पण दोन बोटांत धरून थोडी वाकवता यावी. अजिबात वाकत नसेल तर बाहेरची दोरी फार ओढली गेली आहे असे समजावे.

पायाकडचे टोक डोक्याकडच्या टोकापेक्षा १५ ते २० सेंटिमीटर उंच बांधावे. अंगाचा जड भाग कमरेच्या वर असल्यामुळे दोन्ही टोके समान उंचीवर असतील, तर झोपेत आपण पायाकडे घसरत जातो आणि पहाटेपर्यंत पुन्हा केळे होते. आपली तीन वाजताची जाग काही अंशी या घसरण्यामुळे असावी, असा माझा तर्क आहे.


बांधकामवाला

झोपेबद्दल डोंगरवाट यांनी लिहिले आहे. माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो आज रात्रीच्या आत वाचला जावा, अशी विनंती आहे. कठड्यातील विटांच्या खांबाला हॅमॉक बांधू नका.

कारण आकड्यांत सांगतो. दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांत असेल, तर प्रत्येक दोरीवरचा ताण झोपणाऱ्याच्या वजनाएवढाच येतो, म्हणजे आपल्या बाबतीत ८० किलो. हाच कोन १५ अंशांवर आला की ताण सुमारे १५५ किलो होतो आणि १० अंशांवर सुमारे २३० किलो. आपण 'आडव्या बांबूसारखा' असे वर्णन केले आहे. झोपल्यावर दोरी थोडी खाली येत असली, तरी कोन १० ते १५ अंशांच्या दरम्यान असावा. म्हणजे रोज रात्री त्या खांबाला दीडशे ते सव्वादोनशे किलोंची आडवी ओढ बसते. धप्पकन बसल्यावर किंवा झोका घेतल्यावर ती क्षणभर आणखी वाढते.

विटांचे काम वरून येणारा भार उत्तम पेलते, पण आडवी ओढ त्याला सोसत नाही. विटा आणि मसाला यांच्यातली पकड ताणाला कच्ची असते आणि कठड्याच्या डोक्यावर त्याला दाबून धरणारे दुसरे वजनही नसते. असा खांब कललाच, तर तो ओढीच्या दिशेने, म्हणजे झोपलेल्या माणसाच्या अंगावर येतो. हॅमॉकच्या अपघातांत फाटलेल्या कापडापेक्षा कोसळलेला विटांचा खांब जास्त घातक ठरतो. टाकीच्या चौथऱ्याचा कॉलम आरसीसीचा आणि गच्चीखालच्या कॉलमशी सलग असेल, तर त्याचा विचार करता येईल. तो नुसत्या विटांवर प्लास्टर करून उभा केलेला असेल, तर त्यालाही हात लावू नका.


गच्चीवरचा

दोघांचेही मनापासून आभार. बांधकामवाला यांचा प्रतिसाद वाचून लगेच गच्चीवर गेलो आणि हॅमॉक सोडून आणला. खांबाच्या मुळाशी प्लास्टरला केसाएवढी भेग दिसली. ती आधीची आहे की माझ्या उद्योगाची, हे सांगता येत नाही. पण मुलाला त्याच खांबाशी उभे करून मी दोरी ओढत होतो, या विचाराने पोटात गोळा आला.

मोहोळ तालुक्यात माझी सासुरवाडी आहे. तिथे शेतात विहिरीजवळ एक चिंच आणि एक कडुनिंब अशी दोन जुनी झाडे असून त्यांच्यात सुमारे साडेचार मीटर अंतर आहे. या शनिवारी तिथे प्रयोग करीन. पट्टा झाडाला किती उंचीवर बांधावा, याचा काही अंदाज आहे का?


डोंगरवाट

साडेचार मीटर हे अंतर अगदी सोयीचे आहे. पायाचे टोक थोडे वर ठेवून पट्टे साधारण पावणेदोन मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या डोक्याच्या उंचीवर बांधा. पहिल्यांदा ही उंची फार वाटते, पण झोपल्यावर हॅमॉकचा तळ जमिनीपासून खुर्चीच्या बैठकीएवढ्या, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या आसपास आला पाहिजे. त्याहून उंच टांगण्यात कसलाही फायदा नाही. पडलात तर नुकसान मात्र आहे.

झाडाला दोरी गुंडाळू नका. बारीक दोरी सालीत रुतते आणि सालीखालच्या जिवंत थराला इजा करते. किमान अडीच सेंटिमीटर रुंदीचा पट्टा वापरावा, झाड आपल्या घरचे असले तरी. चिंचेखाली टांगण्यापूर्वी वर पाहून वाळकी फांदी नाही ना, याची खात्री करून घ्या. आणि पट्ट्यावरून मुंगळे येतात, त्याची तयारी ठेवा.


बाजप्रेमी

वाचून गंमत वाटली. आमच्याकडे बार्शीजवळच्या मळ्यात वडिलांनी साठ वर्षे सुंभाच्या बाजेवर झोप काढली. त्यांना गुण्या लागला नाही आणि टक्केवारीही लागली नाही. बाजेखालूनही वारा खेळतोच. बाज सैल झाली की पायाकडची दावण ओढायची, एवढेच तिचे शास्त्र. गच्चीवर बाज टाकावी आणि निवांत झोपावे, असे माझे स्पष्ट मत आहे.


ताणाबाणा

बाजप्रेमी यांचे म्हणणे गच्चीपुरते मान्य आहे, पण बाज पाठीवर घेऊन हरिश्चंद्रगड चढता येत नाही, एवढेच नम्रपणे सांगतो. बाजेच्या बाबतीत त्यांनी लिहिलेली दावण ओढण्याची गोष्ट मात्र महत्त्वाची आहे. बाजेला चार पाय आणि चौकट असते, म्हणून ओढलेला ताण चौकट घेते आणि विणकाम सपाट होते. हॅमॉकला चौकट नसते. तिथे बाजेचे शास्त्र लावले की ओढ झाडांवर जाते आणि कापड काही सपाट होत नाही. आपल्याकडे बहुतेकांची पहिली चूक हीच होते, कारण आपल्या हातांना बाजेची सवय आहे.

आमच्या घरात दोन पिढ्यांपासून माग चालतात. त्यामुळे या प्रश्नाकडे मी कापडाच्या बाजूने पाहतो. आपल्या हॅमॉकची २६० सेंटिमीटर लांबी १७४ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला कमी पडते. सैल बांधून तिरपे झोपल्यावर कंबरेचा त्रास निश्चित कमी होईल, पण गुडघ्यांचा पूर्ण जाणार नाही, असे मला वाटते. त्याचे कारण असे की दोन्ही टोकांना चुणी घातलेल्या कापडात मधल्या धाग्यांची एक ताठ रेघ टोकापासून टोकापर्यंत उभी राहते. आपण तिरपे झोपतो तेव्हा पाय त्या रेघेच्या पलीकडे जायला हवेत. हॅमॉक आखूड असेल तर पायांना तेवढी जागा मिळत नाही, ती रेघ नेमकी पोटऱ्यांखाली येते, पोटऱ्या वर उचलल्या जातात आणि गुडघा उलट दिशेने ताणला जातो. हॅमॉक लांब असेल, तर पायांच्या जागी कापड अजून बरेच पसरलेले असते आणि रेघ बाजूला राहते. आपल्या उंचीला ३०० ते ३३० सेंटिमीटर लांबी योग्य ठरेल. कापडाचा पन्हा दीड मीटरच्या आसपास असावा. त्याहून फार जास्त पन्हा घेतला, तर जास्तीचे कापड तोंडावर येते आणि गुदमरल्यासारखे होते.

एक सूचना धाग्याबद्दल. नायलॉन हवेतली ओल बऱ्यापैकी शोषून घेते, सुमारे ४ टक्के. पॉलिस्टर अर्धा टक्काही घेत नाही. ओले नायलॉन अधिक ताणले जाते. झोपण्याच्या कापडासाठी हा लवचिकपणा बरा, अंगाला आराम देतो. पण झाडाला बांधायचे पट्टे नायलॉनचे असतील, तर पहाटेच्या दवाने ते सैल होऊन आपण जमिनीला टेकण्याची शक्यता असते. पट्टे पॉलिस्टरचेच घ्या. ट्रकवर माल आवळायला वापरतात ते रुंद पॉलिस्टरचे पट्टे चालतील. पलंगाची सुती नवार घरात पडलेली असते, म्हणून ती वापरण्याचा मोह होतो; तो टाळावा, कारण ती किती भार घेईल हे तिच्यावर कुठेही लिहिलेले नसते आणि उन्हापावसाने सुती धागा आतून कुजलेला असला, तरी वरून कळत नाही.

आणि कोणी विचारण्याआधीच सांगतो, सोलापुरी चादरीचा हॅमॉक करू नये. मी पंधराव्या वर्षी करून पाहिला आहे. चादर झोळीसाठी विणलेलीच नसते. माझ्या प्रयोगात ती टोकाच्या चुणीपाशी उसवली आणि आजोबांनी त्यानंतर जे ऐकवले, ते इथे लिहिण्यासारखे नाही.


हाडवैद्य नव्हे

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मूळ प्रश्नातील शेवटच्या वाक्याला, म्हणजे चाळिशीनंतरच्या कंबरेला हे मानवते का, याला कोणी उत्तर दिलेले नाही, म्हणून लिहितो.

वयाचा प्रश्न नाही; कोणत्या स्थितीत किती वेळ राहता, याचा आहे. कंबर गोलाकार ठेवून दहा मिनिटे बसल्याने निरोगी माणसाला काही होत नाही. त्याच स्थितीत हालचाल न करता चार-पाच तास गेले, की मणक्यांमागचे अस्थिबंध सतत ताणले गेल्यामुळे कंबर आखडते. पलंगावर आपण झोपेत कितीतरी वेळा कूस बदलतो आणि नकळत ही स्थिती मोडतो. ताणलेल्या हॅमॉकमध्ये दोन्ही कडा आवळलेल्या असल्यामुळे कूस बदलता येत नाही, हे खांद्याच्या दुखण्याइतकेच महत्त्वाचे आहे. सैल आणि तिरप्या हॅमॉकमध्ये कुशीवर, गुडघे थोडे पोटाशी घेऊन, बऱ्यापैकी झोपता येते. पालथे झोपायची सवय असेल, तर मात्र ती इथे सोडावीच लागते.

गुडघ्यांसाठी सोपा उपाय आहे. गुंडाळलेला टॉवेल किंवा जॅकेट गुडघ्यांखाली ठेवा, म्हणजे गुडघा १०-१५ अंशांत वाकलेला राहील आणि मागच्या बाजूचा ताण सुटेल. टाचांखाली काही ठेवू नका. त्याने त्रास वाढेल. उशीही घरची वापरू नये. हॅमॉकमध्ये डोके आधीच थोडे वर असते, त्यात जाड उशी घेतली की हनुवटी छातीला टेकते आणि सकाळी मान धरते. मानेच्या खोबणीत बसेल एवढी छोटी घडी पुरते.

झोका आणि झोप यांबद्दल बरेच काही बोलले जाते, म्हणून एक गोष्ट सांगतो. जिनिव्हातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ पुरुषांना हळुवार झुलणाऱ्या पलंगावर ४५ मिनिटांची डुलकी घ्यायला लावली होती. स्थिर पलंगापेक्षा झुलत्या पलंगावर त्यांना लवकर आणि अधिक गाढ झोप लागली. आपला पहिला तास-दीड तास छान का जातो, याच्याशी हे जुळते. मात्र तो पलंग सपाट होता. डोलण्याने झोप लागते, पण वाकडी पाठ सरळ होत नाही.

ज्यांना मणक्याच्या चकतीचा त्रास आहे, ज्यांच्या पायात मुंग्या येतात, बधिरपणा येतो किंवा कळ पायात उतरते, त्यांनी हा प्रयोग आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा. आपल्या वर्णनात तसे काही दिसत नाही.


गच्चीवरचा

शनिवार आणि रविवार अशा दोन रात्री शेतात काढल्या. अनुभव तपशिलाने लिहितो, कारण पुढे कोणाला तरी उपयोगी पडेल.

पहिल्या रात्री पट्टे पावणेदोन मीटर उंचीवर बांधले, २१६ सेंटिमीटरची रिजलाइन लावली आणि पायाकडचे टोक २० सेंटिमीटर वर ठेवले. रिकामा हॅमॉक इतका सैल लोंबत होता, की सासरेबुवांनी 'जावईबापू, हे बांधून झाले की अजून बांधायचे आहे?' असे विचारले. मेहुण्याने गुण्या धरला. कोन २५ अंश भरला, म्हणून पट्टे आणखी सैल सोडून थोडे वर सरकवले. तिरपे होताच जो फरक जाणवला, तो शब्दांत सांगणे अवघड आहे. पाठ खरोखरच टेकली. खांदे मोकळे झाले आणि कडा वर आल्या नाहीत. आधी मी डोके उजवीकडे आणि पाय डावीकडे ठेवून पाहिले; ते तितकेसे जमले नाही. उलट केल्यावर जमले. याचे काही कारण असेल तर कळवावे.

कंबर सकाळपर्यंत अजिबात दुखली नाही. गुडघ्यांच्या बाबतीत मात्र ताणाबाणा यांचे भाकीत खरे ठरले. पोटऱ्यांखाली ती ताठ रेघ स्पष्ट जाणवत होती. दुसऱ्या रात्री गुडघ्यांखाली टॉवेलची गुंडाळी घेतली आणि त्रास निम्म्याने कमी झाला, पण झोपेत गुंडाळी दोनदा निसटून खाली पडली.

एक नवी अडचण आली. पहाटे चारच्या सुमारास पाठीला खालून गार लागू लागले. अंगावर दोन चादरी होत्या, वरून अजिबात थंडी नव्हती. खालून मात्र विहिरीत पाय सोडून बसावे तसा गारवा येत होता. दोन्ही चादरी अंगाखाली घेतल्या तरी फारसा फरक पडला नाही.


डोंगरवाट

डाव्या-उजव्याचे कारण शरीराच्या सवयीत असते. दोन्ही बाजू करून पाहणे आणि जी मानवेल ती धरणे, एवढेच त्यात आहे.

गारव्याचे कारण असे की आपल्याला ऊब देते ती चादर नव्हे, चादरीत अडकलेली हवा. अंगाखाली घेतलेली चादर वजनाने दबते, हवा निघून जाते आणि तळाला वारा थेट लागत राहतो. उन्हाळ्यात आपल्याला हवा असलेला नेमका हाच गुण थंडीत आडवा येतो. साधारण २० अंशांच्या खाली बहुतेकांना तळाला काहीतरी लागतेच. उपाय दोन आहेत. जमिनीवर टाकायची फोमची मॅट हॅमॉकमध्ये घेणे हा स्वस्त उपाय. फोम दबत नाही, पण मॅट सरकते, म्हणून दोन पदरी हॅमॉक असेल तर ती पदरांच्या मध्ये घालतात. दुसरा उपाय म्हणजे हॅमॉकच्या बाहेरून, तळाला अलगद टेकेल अशी रजई टांगणे. तिच्यावर वजन येत नाही, त्यामुळे ती फुगलेली राहते. घरातली हलकी रजई चारही कोपऱ्यांना नाड्या लावून अशी टांगता येते. ती तळाला चिकटून असावी. मध्ये फट राहिली की वारा तिथूनच शिरतो.


ताणाबाणा

एक भर घालतो. टांगण्यासाठी सोलापुरी चादर घेणार असाल, तर एकीने भागणार नाही. जाड असली तरी तिच्या विणीतून वारा जातो. बाहेरच्या बाजूला वारा अडवणारे काहीतरी, जुना रेनकोट किंवा पातळ ताडपत्री, आणि आत चादर, अशी जोडी चालेल. एरवी चादर अंगावरच शोभते.


गच्चीवरचा

शेवटची नोंद. एका भटक्या मित्राकडून ३२० सेंटिमीटर लांबीचा हॅमॉक चार दिवसांसाठी मागून आणला आणि त्याच दोन झाडांमध्ये, २६५ सेंटिमीटरची रिजलाइन लावून, बांधला. पोटऱ्यांखालची रेघ गेली. पाय सरळ पसरले, टॉवेलची गरज पडली नाही आणि रात्री साडेदहाला डोळा लागला तो थेट सकाळी पावणेसहाला, मोटार सुरू झाल्याच्या आवाजाने उघडला. मधे एकदाच, बहुधा दोनच्या सुमारास, कुशीवर वळल्याचे आठवते. तळाला फोमची मॅट होती; ती थोडी सरकली, पण गार लागले नाही. जुना आखूड हॅमॉक आता मुलाला दिला आहे. त्याची उंची १३८ सेंटिमीटर असल्यामुळे त्याला तो पुरून उरतो.

गच्चीचा प्रश्न मात्र उरतोच. बांधकामवाला, टाकीचा कॉलम आरसीसीचा आहे, असे घर बांधलेल्या कंत्राटदाराने फोनवर सांगितले. समोरच्या बाजूला जिन्याच्या खोलीची भिंत आहे. तिच्यात हूक ठोकून चालेल का?


बांधकामवाला

भिंतीत नाही. जिन्याच्या खोलीच्या कोपऱ्यात आरसीसी कॉलम असेल, तर त्यात किंवा वरच्या बीममध्ये अँकर फास्टनर बसवता येईल. वीटकामात बसवलेला फास्टनर आज घट्ट वाटला, तरी रोजच्या ओढीने सैल होतो. कॉलम नेमका कुठे आहे, हे प्लास्टरवरून ओळखू नका. नकाशा असेल तर तो पाहा, नसेल तर ड्रिल करताना भुकटीचा रंग पाहा. लाल निघाली तर वीट आहे, तिथेच थांबा. राखाडी निघाली तरी एखाद्या इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय त्यावर झोपू नका, आणि टाकीच्या कॉलमबद्दलही फोनवरच्या शब्दावर राहू नका. तोही त्याच फेरीत पाहून घ्या. तोपर्यंत गच्चीवर बाजप्रेमींची बाज टाका.